किमान एका झाडाचे नाव घ्यावे

बेबीनंदाची आणि माझी ओळख भांडणातून झाली.

डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं होतं आणि मुलाने बदनापूरपासून सहा किलोमीटरवर असलेल्या हिवरमाळ वनउद्यानाचा पास काढून दिला होता. चाळीस वर्षं नाटक कंपनीत काढलेला माणूस नुसता चालू शकत नाही. चालता चालता तो काहीतरी म्हणतो. श्रावणातल्या त्या सकाळी मी एका सेनापतीचं भाषण म्हणत होतो, अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. "उचला तलवारी" म्हणून हात वर केला, तोच रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीआडून एक बाई बाहेर आली. साडीवर पुरुषी सदरा, डोक्याला रुमाल, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले.

"नाना, कोन मेलं?"

"कुणी नाही. भाषण आहे."

"मंग जरा हळू भाषण करा. तिकडं लांडोर अंड्यावर बसलीय. ती उठून गेली तर तुमच्या तलवारीनं अंडी उबवनार का?"

कंपनीत मी आधी स्त्री पार्ट केले, मग खलनायक, मग राजा, आणि जिन्यावर दम लागायला लागल्यावर राजाचा बाप. एवढ्या वर्षांत माझं भाषण मध्येच तोडायची हिंमत एकदा परतूरला वीजमंडळाने केली होती आणि त्यानंतर थेट बेबीनंदाने. मी हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी मी हळू बोललो आणि तिने मला पाणी दिलं. तेव्हापासून आमचं बरं चाललं आहे.

ती वनखात्यात रोजंदारीवर होती. माहेर वडीगोद्रीकडचं, सासर उद्यानालगतच्या वस्तीवर. शिक्षण चौथी. नवरा तातेराव गवंडीकाम करायचा आणि घरात फार बोलायचा नाही, कारण त्याला जागाच मिळायची नाही. वस्तीतल्या भीमजयंतीच्या गाण्यांत बेबीनंदाचा आवाज पहिला, मग पेटी, मग बाकीचे. वीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत माती भरायची, मधोमध बोट घालायचं, बी सोडायचं, बोट काढायचं. "माझं हे बोट बघा," ती एकदा मला म्हणाली, "ह्या बोटातून जंगल निघालंय." बोट बघितलं. बोट साधंच होतं. पण म्हणण्याची तऱ्हा अशी होती की मी नकळत टाळी दिली.

पोरांचं काम तिच्याकडे आलं ते चुकूनच. दोन वर्षांपूर्वी एका शाळेची सहल आली आणि त्याच दिवशी उद्यान दाखवणारा माणूस कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. मास्तर गेटवर हाका मारताहेत, पोरं जाळीला लोंबकळताहेत. बेबीनंदा पुढे झाली आणि तिला जे येत होतं ते तिने केलं. पन्नास पोरांना रांगेत बसवून तिने पिशव्या भरायला लावल्या. पोरं अशी मळली की आयांनी घरी ओळखली नसतील, आणि अशी खूश झाली की मास्तरांनी शाळेच्या पत्रावर आभार लिहून पाठवले. पुढच्या शाळेने फोनवरच विचारलं, "ती पिशवीवाली मावशी आहे ना?" मग दर शनिवारी तीच. जुने साहेब काही म्हणाले नाहीत. पोरं रडत येत नव्हती आणि हरवत नव्हती, एवढ्यावर ते समाधानी होते.

जुने साहेब बदलून गेले आणि साधना मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, कोल्हापूरकडच्या, बोलणं शांत, बूट जाड. त्यांनी आल्या आठवड्यातच बेबीनंदाला ऑफिसात बोलावलं. तिथून ती थेट माझ्या बाकावर आली. हातात दोन कागद होते.

"नाना, वाचता का जरा? मला वाचता येतंय, पन हे सरकारी हाय, दमानं वाचावं लागतं."

"काय म्हणाल्या मॅडम?"

"वरून पत्र आलंय म्हने. पोरांना जंगल दाखवनारा मानूस दहावी पास पायजे. मी म्हनलं, मी चौथी. त्या म्हनल्या, म्हाईतंय. वस्तीवरच्या रूपालीचा अर्ज आलाय, ती बारावी हाय. पन येत्या शनिवारी वडीगोद्रीची शाळा येऊन राह्यली, त्या दिवशी मी स्वतः सोबत फिरीन, तुमचं काम बघीन, मंग वर काय लिहायचं ते ठरवीन." तिने कागद माझ्या हातात दिले. "शनिवार जमला तर पोरं माझी. न्हाई जमला तर मी परत पिशव्यांत."

"पिशव्या वाईट आहेत का?"

"वाईट कशाला? पन पिशवी मावशी म्हनत न्हाई ना, नाना."

कागदावर मथळा होता: मुलांसाठी मैदानी उपक्रम. खाली चार कलमं. एक, मौन चाल. दोन, झाडाला मिठी. तीन, पाऊलखुणांची ओळख. आणि चौथं असं: प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एका झाडाचे नाव घ्यावे. त्याआधी एक स्वागताचं भाषणही होतं, "निसर्गप्रेमी बालमित्रांनो" असं सुरू होणारं.

मला संहिता मिळाली की मला दुसरं काही दिसत नाही. मी तिथल्या तिथे तालीम जाहीर केली. रोज सकाळी सात ते आठ.

भाषणाने आमचा पहिला दिवस खाल्ला. "निसर्गप्रेमी" म्हणताना उजवा हात झाडांकडे न्यायचा, "बालमित्रांनो" म्हणताना दोन्ही हात पोरांकडे पसरायचे, असं मी तिला शिकवलं. तिने हात पसरले.

"असं तर आमी कोंबड्या हाकतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिठी. मी म्हणालो, मिठी करून दाखवायची असते, सांगून जमत नाही, आणि समोरच्या हिवराला भावनेने कवेत घेतलं. आमच्या माळावरची झाडं कुणी पाहिली असतील तर पुढचं सांगायची गरज नाही. हिवर, बाभूळ, बोर, खैर. देवाने ह्यांना पानं नंतर दिली, काटे आधी. बेबीनंदाने मला झाडापासून सोडवलं, तेव्हा माझ्या सदऱ्याची एक बाही झाडाने ठेवून घेतली होती.

"हा कागद कुठं लिहिला असंल, नाना?"

"पुण्या-मुंबईकडे."

"तिकडची झाडं मऊ असत्याल."

चौथ्या कलमाशी आलो तेव्हा मात्र आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. झाडाचे नाव घ्यावे. आता नाव घेणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागतं का? लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात, उंबऱ्यावर नवरीला अडवून, नाव घे म्हणतात ते. मी स्त्री पार्ट करायचो तेव्हा रुखवतावरचे चाळीस उखाणे मला तोंडपाठ होते आणि एक गावचा पाटील त्यातल्या तिसऱ्यावर रडला होता. मी म्हणालो, "वा. शेवटी कुणीतरी रसिक माणूस वनखात्यात आला."

बेबीनंदा विचारात पडली. "झाडाचं नाव उखान्यात घ्यायचं. बराबर. पन नुसतं यमक न्हाई जुळवायचं. नवऱ्याचं नाव घेताना आपन त्याची एखादी खूण सांगतो. इथं बी झाडाची एक खूण आलीच पायजे. न्हाईतर पोरगं कुनाशीबी लगीन लावंल."

ही सूचना तिची होती. उखाण्याची कल्पना पक्की करणारा मी होतो. हे नमूद करून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, हे स्पष्ट असावं.

शनिवारी साडेनऊला एस.टी. आली. बेचाळीस पोरं, पाचवी-सहावीची. सोबत राधेश्याम सर नावाचे मास्तर, गळ्यात शिट्टी. साधना मॅडम हातात फाईल घेऊन एका बाजूला उभ्या. रूपाली हजेरीची वही घेऊन दुसऱ्या बाजूला. मी गेटजवळच्या कडुलिंबाच्या बुंध्यामागे उभा राहिलो, कारण पहिल्या प्रयोगाला नटाला प्रॉम्प्टर लागतो.

बेबीनंदा पुढे आली. धुतलेला सदरा, नवा रुमाल. तिने उजवा हात झाडांकडे नेला आणि तिथेच ठेवला. भाषण गेलं होतं. मी अशी नजर शेकडो वेळा पाहिली आहे. नटाच्या डोळ्यांत तेव्हा एक रिकामा रस्ता दिसतो.

"निसर्गप्रेमी," मी झाडामागून कुजबुजलो. माझी कुजबुज पिटातल्या माणसांसाठी तयार झालेली आहे. बेचाळीस माना लिंबाकडे वळल्या.

"सर," एक पोरगी म्हणाली, "झाड बोलून राह्यलं."

मॅडमनी फाईल खाली घेतली. बेबीनंदाने त्या पोरीकडे बघितलं, मग झाडाकडे, आणि तिच्या खांद्यावरचं भाषणाचं ओझं उतरलेलं मला माझ्या जागेवरून दिसलं.

"बोलतंच ते," ती आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली. "पन हे लिंब म्हातारं झालंय, मोठ्यानं बोलतं. आतली झाडं हळू बोलत्यात. आपन गप बसल्याबिगर ऐकू येत न्हाई. तुमाला गप बसता येतं का?"

"येतं," बेचाळीस जण इतक्या मोठ्याने ओरडले की गेटवरचं कुत्रं उठून गेलं.

"दिसलंच. या इकडं."

तिने टोपलं पुढे ओढलं. त्यात धुतलेली बोरं होती. जानेवारीचा महिना, माळावरची बोरं पिकून तांबडी झालेली. तिने एकेकाच्या हातावर एक बोर ठेवलं. "तोंडात धरायचं. चावायचं न्हाई, गिळायचं न्हाई. तळ्यावर पोचल्यावर खायचं. ज्याचं बोर वाटंत संपलं त्यानं गडबड केली असं मी धरनार."

हे कागदात नव्हतं. तालमीतही नव्हतं. राधेश्याम सरांनी एक बोर घेतलं. रूपालीने घेतलं. मॅडम काही सांगायला पुढे आल्या, तर बेबीनंदाने त्यांच्याही हातावर एक ठेवलं आणि बेचाळीस पोरं त्यांच्याकडे बघत राहिली. मॅडमनी बोर तोंडात टाकलं. मग मीही झाडामागून बाहेर आलो आणि हात पुढे केला.

"तुमी दोन घ्या," बेबीनंदा म्हणाली.

ती अर्ध्या किलोमीटरची वाट मी विसरणार नाही. सगळ्यांचे गाल एका बाजूला फुगलेले. कुणी बोलेना, कारण बोलायला जीभ मोकळी नव्हती. होल्याचं घुमणं ऐकू येत होतं. कुठेतरी तितर ओरडला. वाळल्या गवतातून सरडा गेला तो सुद्धा ऐकू आला. मॅडमना मध्येच दोनदा काहीतरी विचारायचं होतं असं चेहऱ्यावरून दिसलं, पण त्यांनी बोर दुसऱ्या गालात सरकवलं आणि तशाच चालत राहिल्या.

तळ्यावर बोरं खाऊन झाल्यावर दुसरं कलम. बेबीनंदाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "पोरांनो, कागदात लिहिलंय झाडाला मिठी मारा. आपल्या माळावर मिठी मारन्याजोगी झाडं चार. बाकीची सारी कडक सासूसारखी, त्यांच्या लांबून पाया पडायचं." पोरांनी तळ्याकाठच्या एका जुन्या लिंबाला आळीपाळीने मिठ्या मारल्या आणि हिवरांना लांबून हात जोडले. मॅडमनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी मान लांब केली, पण वाचता आलं नाही.

तिसऱ्या कलमात ती घरच्या अंगणात असल्यासारखी होती. तळ्याच्या काठावरचा चिखल तिला वर्तमानपत्रासारखा वाचता येतो. हा ससा, पाणी पिऊन घाईत गेला. हा मोर, कुणालातरी दाखवायला हळू चालला. हा कोल्हा. मग ती एका खोल ठशापाशी थांबली.

"आन हे कोन?"

"रानडुक्कर," एक पोरगा म्हणाला.

"न्हाई रं बाबा. ह्या मॅडम. काल सांजच्याला एकट्या आल्त्या."

पोरं हसली. मॅडमही हसल्या, पण जरा उशिरा. "तुम्हाला कसं कळलं, बेबीनंदाताई?"

"बुटाची नक्षी तीच हाय. आन टाच बघा कशी रुतलीय. मानूस चालला तर चवडा रुततो. उभं राहून वर बघत बसला तर टाच. तुमी इथं बराच वेळ झाडाकडं बघत उभ्या व्हत्या."

मॅडमनी विषय बदलला. "आता चौथा उपक्रम घ्या," त्या म्हणाल्या आणि झाडाखालच्या दगडावर बसल्या. त्यांनी पोरांकडे बघितलं, मग पोरांच्या रिकाम्या हातांकडे. त्यांना काहीतरी खटकलं हे मला दिसलं. पण बेबीनंदा आता थांबणाऱ्यांतली नव्हती.

"आता परत्येकानं एका झाडाचं नाव घ्यायचं," ती म्हणाली. "आधी मी घेते, मंग तुमी." तिने पदर खोचला, बाजूच्या हिवराकडे बघितलं आणि नवरीसारखी मान किंचित कलती केली.

"पांढरी साल, सरळ काटा, उन्हात देतो थारा,
हिवराचं नाव घेते, पोरांनो बाजूला सरा."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातला सर्वात उंच, भारत नावाचा, म्हणाला, "नाव पोरी घेत्यात."

"लग्नात नवरदेव न्हाई घेत?"

"घेतो."

"त्याला लाज वाटती का?"

"वाटती."

"तरी घेतो ना? कारन पंगत अडलेली असती. इथं तर झाड हुंडा बी मागून न्हाई राह्यलं. जा, झाड पसंत कर. हात लावून बघ, वास घे, पान मोड, मंग ये."

पोरं पांगली. एरवी पोरांना झाडं दाखवावी लागतात. आता पोरंच झाडं धुंडाळत होती, कारण यमक जुळवायला खूण लागत होती. साल खरवडून बघत होती, शेंगा मोजत होती, एकमेकांना हाका मारून "ह्याला काय म्हनत्यात?" विचारत होती. पहिली परत आली ती झाड बोलतंय म्हणणारी पोरगी, पायल तिचं नाव. तिने डोळे मिटूनच सुरुवात केली.

"काळी साल, पिवळं फूल, शेंगा जशा माळा,
बाभळीचं नाव घेते, काटा लागंल, टाळा."

त्यामागून कल्याण, गोल चेहऱ्याचा, डबा कधी सोडणार हे सकाळपासून विचारणारा.

"तीन पानं एका देठी, फूल लालेलाल,
पळसाचं नाव घेतो, बुंदी कवा वाढाल?"

भारत शेवटी आला. कान लाल झाले होते.

"कडू पान, गोड लिंबोळी, सावली गारेगार,
लिंबाचं नाव घेतो, आमच्या दारात चार."

मग पोरांनी राधेश्याम सरांना घेरलं. सर म्हणाले, माझं लग्न व्हायचंय. पोरं म्हणाली, म्हणून तर. सरांनी सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं, हात तांबडा झालेला दाखवला आणि नाव घेतलं.

"चोळलं पान हातावर, मेंदी रंगली खरी,
सागाचं नाव घेतो, रांगेत चला घरी."

मी माझं वय विसरून शिट्टी वाजवली. तेव्हाच मॅडम उठल्या.

"बेबीनंदाताई, एक मिनिट. वह्या कुठे आहेत मुलांच्या?"

"वह्या? गाडीत. वह्या कशाला?"

"नाव लिहून घ्यायला. प्रत्येकाने एका झाडाचं नाव लिहून घ्यायचं होतं, पानाचं चित्र काढायचं होतं. हे उखाणे कुठून आले?"

बेबीनंदाने सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. घडीवर घडी पडून तो मऊ झाला होता. मॅडमनी आपल्या फाईलमधला कागद काढला. दोन्ही शेजारी धरले. मॅडमच्या कागदावर, टंकलेल्या ओळीत, पेनाने वरून एक शब्द घातलेला होता: लिहून. आमच्या कागदावर तो नव्हता. टंकताना एक शब्द गळाला होता, मॅडमनी आपल्या प्रतीवर तो दुरुस्त केला होता आणि आमची प्रत तशीच आली होती.

प्रयोग पडतो तेव्हा आवाज होत नाही. नट आपसूक दोन पावलं मागे सरकतो. बेबीनंदा तशी सरकली. सकाळपासून पहिल्यांदा तिने हात सदऱ्याला पुसले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चौथी शिकलेल्याला लिवनं म्हाईत नसतं, नाव घेनं म्हाईत असतं. रूपाली असती तर तिनं इचारलं असतं."

मी पुढे झालो. "मॅडम, चूक माझी. हा अर्थ मी लावला. स्त्री पार्टाची सवय."

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी बोलणारं झाड."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी फाईल मिटली आणि पोरांना रांग करायला सांगितली. "परत जाताना मी विचारीन," एवढंच म्हणाल्या.

परतीची वाट वेगळी होती, ऑफिसच्या मागून जाणारी. वाटेवरच्या मोठ्या अंजनापाशी बेबीनंदाने रांग खुणेनेच पलीकडच्या अंगाला वळवली आणि मग ती शेवटी चालू लागली, रूपाली तिच्या शेजारी. मॅडम पुढे. एका झाडापाशी त्या थांबल्या. "हे कोणतं?"

"पळस," वीसेक आवाज आले. "तीन पानं एका देठी."

"हे?"

"साग. चोळून बघा, मॅडम."

आणखी दोन-तीन झाडं झाली. पोरं एकदाही चुकली नाहीत. ज्याने ज्या झाडाचं नाव घेतलं होतं तो ते झाड दुसऱ्याला ओळखूच देईना. "ते माझं हाय," असं भांडण कडुलिंबावरून लागलं. मॅडम पुढे चालत राहिल्या आणि वळणावर एका मोठ्या झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ही पुन्हा बाभूळ."

पोरं थांबली. पायलने राधेश्याम सरांकडे बघितलं, सरांनी आभाळाकडे.

"मॅडम," पायल म्हणाली, "बाभळीची साल काळी. ह्याची पांढरी. हा हिवर हाय. तुमचं लगीन चुकलं."

रांगेच्या शेवटी बेबीनंदाने तोंडाला पदर लावला. तो रडून लावला की हसून, हे मला कळेना. मॅडम झाडाजवळ गेल्या, सालीवर हात ठेवला, बराच वेळ वर बघत राहिल्या. टाच रुतत असणार. मग वळून म्हणाल्या, "आमच्याकडे हिवर नसतो. मी तक्ता घेऊन रोज संध्याकाळी पाठ करतेय. मला अजून येत नाहीत."

"पाठ करून येत न्हाईत, मॅडम," भारत म्हणाला, अनुभवी माणसासारखा. "नाव घ्यावं लागतं."

झालं. बेचाळीस पोरांनी गोल केला. नाव घ्या, नाव घ्या. राधेश्याम सरांनी शिट्टी वाजवली, ती गप करायला की ठेका धरायला हे त्यांनाच माहीत. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं, वाटेच्या कडेचं एक झाड पसंत केलं, त्याचं पान हातात घेऊन उलटंपालटं केलं. घसा साफ केला. खरं सांगतो, फार वाईट उच्चार होता, पण प्रवेश मी जन्मात विसरणार नाही.

"जोडून आली दोन पानं, फुलपाखरं जशी रानात,
अंजनाचं नाव घेते, चूक झाली कागदात."

पोरांनी आकाश डोक्यावर घेतलं. बेबीनंदा मागून पुढे आली आणि सासूने सुनेकडे बघावं तशी मॅडमकडे बघत म्हणाली, "यमक जरा ढिलं हाय. पन खूण बराबर."

एस.टी. गेल्यावर मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी खिडकीशी उभा राहिलो.

"बेबीनंदाताई, मार्गदर्शक दहावी पासच लागतो. ते मी बदलू शकत नाही. तिथे रूपालीचं नाव जाईल."

बेबीनंदाने मान हलवली. चौथी शिकलेल्या माणसाला असं ऐकायची सवय असते. तिने रुमाल सोडून पुन्हा बांधला, जसा ती पिशव्यांना बसण्याआधी बांधते.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पत्राचं पान उलटलं. "मार्गदर्शकाला शिकवायला एक प्रशिक्षक नेमायचा असतो. शनिवारी पोरांसोबत तोच असतो, निदान वर्षभर. त्याच्या शिक्षणाचा रकानाच नाही इथे. वरच्यांना वाटलं असेल, प्रशिक्षक शिकलेलाच असतो, विचारायचं काय." त्यांनी पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा."

"माझंच का?"

"तुमचंच. नुसतं सांगा, घेऊ नका."

बेबीनंदाने पूर्ण नाव सांगितलं. मॅडमनी लिहिलं. बेबीनंदाने ते उलट्या बाजूने, टेबलाच्या ह्या कडेवरून, अक्षर अक्षर लावून वाचलं आणि नंदाचा अनुस्वार राहिलाय हे दाखवून दिलं. मॅडमनी तो दिला.

बाहेर रूपाली दारात ताटकळत उभी होती. तिला वाटत होतं की आपण कुणाचं तरी काहीतरी घेतलं आणि आता ते तोंडावर कसं सांगायचं. बेबीनंदाने तिला तेवढा वेळच दिला नाही.

"तू इथं उभी काहून? चल लवकर. ऑफिसामागच्या वाटंवर त्या मोठ्या अंजनाला आग्या मोहळ लागून राह्यलंय. आज मी पोरांना मुद्दाम पलीकडच्या अंगानं आनलं. तुला ठावं न्हाई, उद्या तू त्याच्याच खालनं नेशील."

रूपालीने घाईघाईने वही उघडली. "मावशी, मोहळाची पण खूण सांगून नाव घ्यायचं का?"

"मोहळाचं नाव बिलकुल घ्यायचं न्हाई," बेबीनंदा चालता चालता म्हणाली. "मोहळाखालनं मुकाट जायचं."